गाडीचे सांधे

मोटारीविषयी बोलणारा मनुष्य बहुधा तिच्या एंजिनाविषयी बोलतो. शक्ती किती घोड्यांची, वेग ताशी किती, पेट्रोल किती खाते, एवढी चौकशी झाली की मोटारीची ओळख पुरी झाली असे त्याला वाटते. मनुष्य थोडा अधिक रसिक असला तर तो तिच्या रंगाकडे आणि बांध्याकडे पाहील. परंतु मोटारीच्या पोटाखाली, जेथे चाक आणि सांगाडा यांचा संबंध जुळतो तेथे, सुपारीहून फारशी मोठी नसलेली रबराची काही नळकांडी बसवलेली असतात. त्यांचे नाव कोणी काढीत नाही. गॅरेजात त्यांना 'बुश' म्हणतात. गेले दीड वर्ष हे बुश माझ्या चिंतेचा, वाचनाचा आणि काही अंशी गृहसौख्याचाही विषय होऊन बसले होते. इंग्रजी काव्य शिकविण्यात ज्याचा जन्म गेला त्याने रबराच्या नळकांड्यांवर लिहावे हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पण ज्या विषयाने मनुष्याची झोप उडवली तो विषय त्याच्या अधिकाराबाहेरचा कसा म्हणावा?

माझी गाडी १९६४ सालची, दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड आहे. माझे थोरले काका अमरावतीस डॉक्टर होते, त्यांनी ती नवी घेतली. त्या काळी आपल्या देशात मोटार घ्यावयाची म्हणजे बहुतेकांस तीनच घरची दारे ठोठावता येत: कलकत्त्याकडची अ‍ॅम्बॅसडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची हेरल्ड. पहिल्या दोघींचा संसार पुढे दीर्घकाळ भरभराटीचा झाला. तिसरी मागे पडली. मूळ विलायती हेरल्ड १९५९ सालची. तिचे रूप जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने रेखाटले. मद्रासेस ती १९६१ पासून निघू लागली. तिच्या अंगी दोन गुण असे आहेत की ज्यांच्यापुढे आजच्या गाड्या मला गैरसोयीच्या वाटतात. एक म्हणजे ती सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात पुरी वळते. अचलपुरात दुल्हा दरवाजाच्या आतल्या गल्ल्यांतून ज्याला गाडी न्यावयाची आहे त्याला या गुणाची किंमत सांगावयास नको. दुसरा गुण हा की, तिचे पुढचे सारे टोपण दोन्ही मडगार्डांसह एकाच हिसक्यात पुढे कलते, आणि एंजिन, पुढची चाके, त्यांचे हातपाय असे सर्व काही उघडे होते. दुरुस्त करणारा मनुष्य चक्क टायरवर बसून काम करतो.

या हेरल्डला एक धाकटी बहीण आहे. १९६२ साली त्याच विलायती कारखान्याने हेरल्डचाच सांगाडा आखूड करून, त्याच मिकेलोत्तीकडून नवे अंग काढवून, दोन माणसांपुरती उघडी, धावरी गाडी बाजारात आणली. तिचे नाव स्पिटफायर. तिच्या पुढच्या चाकांची जोडणी आमच्या हेरल्डच्याच घडणीची आहे. इतकेच काय, लोटस एलान या नावाजलेल्या शर्यती वळणाच्या गाडीनेही पुढच्या चाकाचा उभा दांडा याच घराण्यातून उचलला. थोरली बहीण संसारात पडली, डॉक्टर आणि वकील यांची ओझी वाहत राहिली. धाकटी उनाड निघाली आणि साऱ्या जगाची लाडकी झाली. मला या आप्तसंबंधाचा अभिमान आहे तो केवळ मोठेपणाचा नव्हे. स्पिटफायरवर जीव टाकणारे लोक इंग्लंडात आजही आहेत. त्यांच्यासाठी तिचे सुटे भाग आजही तयार होतात. आणि त्या लाडक्या बहिणीच्या पुण्याईवर अचलपुरातील थोरलीचे सांधे बदलता येतात.

आमच्या वऱ्हाडात गाडीचे सांधे फार लवकर झिजतात. ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते; तिच्यावर घातलेली सडक वरून कितीही गुळगुळीत केली तरी दोन-तीन वर्षांत तिच्या अंगावर लाटा उठतात. आमच्या पूर्वजांनी या भूमीवर जी वाहने चालविली त्यांना कमानी नव्हत्या की रबर नव्हते. दमणीत बसणारा खाली कडबा आणि वर गादी घालून घेई. उरलेले हिसके ज्याचे त्याच्या कण्याने सोसावयाचे. शंकरपटात धावणारी छकडी तर त्याहूनही निःसंग. तिच्यात हाकणाऱ्याला धड बसावयासही जागा नसते. वऱ्हाडची धावरी गाडी म्हणावयाची तर ती हीच. २०१४ साली न्यायालयाने तिच्या शर्यती बंद केल्या होत्या आणि २०२३ साली पुन्हा मान्य केल्या. तिला लागते ते एवढेच की आखाला वेळच्या वेळी ओंगण द्यावे. लोखंडावर लोखंड फिरते, मध्ये तेलकट वस्तू पाहिजे, हे ज्ञान आमच्या रक्तात आहे. पुढे जो घोटाळा झाला त्याचे मूळही, मला वाटते, याच ज्ञानात आहे.

हा घोटाळा समजण्यासाठी चाकाची जोडणी थोडी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. पुढचे प्रत्येक चाक एका उभ्या पोलादी दांड्यावर बसते. त्या दांड्याला वरून एक आणि खालून एक असे दोन हात धरून असतात. इंग्रजीत त्यांना पक्ष्याच्या छातीतल्या दुपाखी हाडाचे नाव दिलेले आहे, कारण त्यांचा आकार तसाच आहे. गॅरेजात मात्र 'वरचा आर्म' आणि 'खालचा आर्म' असे म्हणून सारे मोकळे होतात. हाताचे एक टोक चाकाकडे, दुसरी दोन टोके सांगाड्याकडे. चाक खड्ड्यात गेले की हात खाली झुकतात, उंचवट्यावर चढले की वर उचलतात, आणि मधली मोठी स्प्रिंग गाडीचा भार तोलून धरते. सांगाड्याकडच्या टोकांना जी भोके असतात त्यांत हे रबरी बुश दाबून बसवलेले असतात. रबराच्या पोटात एक पोलादी नळी, आणि नळीतून बोल्ट. ही रचना चांगली असेपर्यंत चालकाला तिचे अस्तित्व कळत नाही. ती बिघडली की दुसरे काही कळेनासे होते.

माझ्या गाडीत प्रथम आवाज सुरू झाला. रस्त्यातील आडव्या भेगेवरून चाक गेले की पायाखाली 'खट्' असा कोरडा आवाज होई. जणू कोणी खालून दार वाजवीत आहे. मग सुकाणू सैल वाटू लागले. सरळ रस्त्यावर गाडी आपली वाट आपणच किंचित बदले, आणि ब्रेक दाबला की डावीकडे मान वळवी. पुढच्या टायरांची आतली कड रेघ मारल्यासारखी झिजली. ही सर्व लक्षणे वैद्यकातल्या संधिवाताशी इतकी जुळतात की काकांना ती सांगितली असती तर त्यांनी औषध लिहून दिले असते.

आमच्या सौभाग्यवतींनी मात्र निदानाची वाट पाहिली नाही. दरवर्षी पाऊस ओसरला की आम्ही एक दिवस चिखलदऱ्यास जातो. लग्नानंतर प्रथम गेलो ते काकांकडून मागून आणलेल्या याच गाडीतून, आणि काकांच्या मागे ती माझ्याकडे आल्यावर हा नेम सहसा चुकला नाही. अचलपूरचे सपाट रान सोडून अकराशे मीटरांच्या त्या पठारावर चढावयाचे म्हणजे वळणांना तोटा नाही. आणि चढण्यापेक्षा उतरणे कठीण. त्या वर्षी उतरताना एका वळणावर ती 'खट्' झाली आणि गाडीने क्षणभर दरीकडे तोंड केले. पुढे काही झाले नाही. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी चहा केला, पेला माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे सांगितले, "अहो, यापुढे या गाडीत बसून मी घाट उतरणार नाही. आणि तुम्हीही उतरू नये." रागाचे उत्तर देता येते, अशा बोलण्याला उत्तर नसते.

चिरंजीव पुण्यास असतात. त्यांनी ही संधी साधली. एका संग्राहकाने गाडीला बरी किंमत देऊ केली होती, आणि तिला 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते असेही त्यांनी शोधून काढले होते. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला निराळ्या अक्षरांचा क्रमांक मिळतो. पण अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणावयाची नाही. प्रदर्शनास न्यावी, जुन्या गाड्यांच्या फेरीत चालवावी, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरावयास न्यावी, एवढीच मोकळीक. "बाबा, तिची सेवा संपली, आता तिला मानाने बसवा," असे चिरंजीवांनी लिहिले. वाक्य चांगले होते. परंतु मी तिची सामान्य नोंदणीच चालू ठेवली आहे. दर पाच वर्षांनी तिला परीक्षेस बसवून प्रमाणपत्र आणावे लागते. ज्या गाडीला भाजी आणण्याची बंदी आहे ती मोटार राहिली नाही, ती मूर्ती झाली, असे माझे मत आहे. मात्र माझ्या मताने घाटातले वळण सुरक्षित होत नव्हते, हेही उघडच होते.

मी गाडी एका मोठ्या शहरातील गॅरेजात नेली. गॅरेज स्वच्छ होते, तेथील मुलांच्या अंगावर एकसारखे कपडे होते, आणि गाडी यंत्राने माणसाच्या डोक्याइतकी उंच उचलली गेली. आठ दिवसांत सर्व बुश नवे घालून मिळाले. आवाज गेला. घरात बोलणे पुन्हा मोकळे झाले. आणि आठ महिन्यांनी, एका सकाळी कॉलेजात जाताना, तीच 'खट्' पुन्हा ऐकू आली. साठ वर्षांपूर्वीचे मूळ बुश काकांच्या हाती एक तप टिकले होते, असे त्यांच्या वहीवरून दिसते. आणि नव्यांनी एक वर्षही काढले नाही. रबर हलके असेल, असे सर्वांनी सांगितले. ते कारण मला पुरेसे वाटेना.

परतवाड्यास, लाकडाच्या वखारींच्या पलीकडे, एक जुने गॅरेज आहे. परतवाडा म्हणजे अचलपूरची इंग्रजी अमदानीतील छावणी. जुनी माणसे अजून त्याला 'कॅम्प'च म्हणतात. मेळघाटातून सागवान घेऊन उतरणाऱ्या ट्रकांमुळे तेथे गॅरेजांची वस्ती वाढली. या गॅरेजाचे मालक सत्तरीकडे झुकलेले आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात. तेथे उचलण्याचे यंत्र नाही. जमिनीत विटांनी बांधलेला एक लांबट खड्डा आहे. त्याच्या दोन्ही काठांवर चाके ठेवून गाडी उभी करतात आणि चाचा आत उतरतात. मी त्यांना सारी हकीकत सांगितली. त्यांनी ती ऐकली की नाही कोण जाणे. त्यांनी बुश काढला, बोटांत धरून उजेडाकडे केला आणि माझ्या हातावर ठेवला.

"पाहा सर, हे घासलं नाई. हे पिळून मेलं."

मी पाहिले. रबर झिजलेले नव्हते. त्याच्या तोंडावर बारीक चिरा होत्या, आणि त्या सगळ्या एकाच दिशेने कललेल्या होत्या, पिळलेल्या चिंधीवर सुरकुत्या पडाव्यात तशा. चाचांनी दुसरा काढला. त्याची तीच कथा.

"लटकत्या चाकावर कसलं कोनं याले?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे म्हणाले, "हे बेअरिंग नोहे सर. हे फिरत नसते. याले दोन्हीकून घट्ट धराचं असते. मंधातलं रबर आपलं पिळते अन् आपलंच उलगडते."

इतकी वर्षे मी, आणि माझ्यासारखे शेकडो सुशिक्षित लोक, समजत आलो की बोल्ट हा आख आणि बुश हे त्याभोवती फिरणारे चाकाचे भोक. तसे असते तर त्यात ओंगण लागले असते. वस्तुस्थिती निराळी आहे. बोल्ट कसला की पोलादी नळी सांगाड्याशी आवळली जाते, आणि रबराची बाहेरची बाजू हाताच्या भोकाला चिकटून बसते. दोहोंपैकी काहीच घसरत नाही. हात वर-खाली होतो तो केवळ मधले रबर स्वतःच्या अंगात थोडा पीळ घेते म्हणून. घर्षण नाही, म्हणून झीज नाही. तेल नको, वंगण नको. उलट तेल लागले तर रबर फुगून कुजते. एका बाजूस थोडा, दुसऱ्या बाजूस थोडा, एवढा पीळ ते वर्षानुवर्षे सोसते. मात्र एक अट आहे. गाडी आपल्या चाकांवर, आपल्या भाराने उभी असताना त्याच्या अंगी पीळ शून्य असला पाहिजे.

आता शहरातील गॅरेजात काय झाले ते ध्यानात येईल. गाडी उचललेली, चाके अधांतरी, हात आपल्या वजनाने खाली लोंबलेले. त्याच स्थितीत मुलाने बोल्ट शक्तीने आवळले. काम नेटके झाले, नट चकचकीत दिसले. गाडी खाली उतरताच भाराने हात वर आले, आणि आठही बुश त्या क्षणी पिळले गेले. मग गाडी रस्त्यावर असो की घराच्या सावलीत मुकाट उभी असो, त्यांना विसावा म्हणून नाही. रात्री आम्ही निजलेलो असतो तेव्हाही ते ताणलेलेच. खड्डा आला म्हणजे त्या पिळावर आणखी पीळ. आठ महिने ते टिकले याचेच कौतुक करावयास पाहिजे. आणि त्या रबराला मी 'हलके' म्हणणाऱ्यांच्या तोंडून ऐकून घेत होतो!

चाचांनी याहून भयंकर एक गोष्ट दाखविली. हेरल्डच्या चाकाचा तो उभा दांडा खालच्या टोकाला नुसता अडकवलेला नसतो. त्याला आटे असतात, आणि तो एका पितळी ठोकळ्यात स्क्रूसारखा बसतो. सुकाणू फिरवले की दांडा त्या आट्यांत फिरतो. डाव्या आणि उजव्या बाजूंचे आटेही परस्परविरुद्ध, म्हणून एकाचा ठोकळा दुसऱ्याला चालत नाही. येथे मात्र लोखंड आणि पितळ खरोखर एकमेकांवर घासतात, आणि येथे वंगण पाहिजेच. पण कारखान्याची आज्ञा अशी की, ते ग्रीस नव्हे, गिअरचे दाट तेल असावे. ग्रीस आट्यांच्या मुळापर्यंत पोचत नाही. वरच घट्ट होऊन बसते. आत पाणी शिरते, पोलाद गंजते, आणि एके दिवशी दांडा तेथेच मोडून चाक आडवे होते. माझ्या गाडीत वर्षानुवर्षे गॅरेजांनी पिचकारीने ग्रीसच भरले होते. चाचांनी ते काढले तेव्हा ते लापशीसारखे घट्ट होते, आणि उजव्या बाजूच्या आट्यांना गंजाने खड्डे पडले होते. त्या खड्ड्यांवरून मी नख फिरवले. घाटातले ते वळण मला आठवले, आणि त्या दिवशीचा चहाही.

ज्या सांध्याला तेल नको तेथे मनुष्य तेल घालावयास धावतो, आणि ज्याला पातळ तेल पाहिजे त्याला दाट वंगण चोपडतो! मला शहरातील त्या मुलाचा राग आला नाही. आजच्या गाड्यांत तो पितळी ठोकळा नसतोच, आणि ही हेरल्ड जेव्हा मद्रासेहून निघाली तेव्हा त्याचा बापही जन्मला नसावा. मागच्या चाकांविषयी तर खुद्द कंपनीलाच उपरती झाली होती. हेरल्डची मागची चाके दोन स्वतंत्र आखांवर झोके घेतात. वळणावर गाडीचे बूड उचलले गेले तर बाहेरचे चाक आत दुमडू पाहते. आमच्याकडील मालकांस आणि मिस्त्र्यांस ही रचना मुळीच मानवली नाही; म्हणून १९७२ च्या गॅझेल या गाडीत कंपनीने सरळ अखंड आख घातला. माझ्या गाडीला तो नाही. म्हणूनच तिचे बाकीचे सांधे तरी निर्दोष असावेत, या म्हणण्यावर चाचांचे आणि सौभाग्यवतींचे एकमत होते. फक्त दोघांनी ते निरनिराळ्या शब्दांत सांगितले.

सामान इंग्लंडातून आले. माझी भाची तेथे डॉक्टर आहे. तिने स्पिटफायरचे भाग विकणाऱ्या एका दुकानातून दोन्ही बाजूंचे उभे दांडे, पितळी ठोकळे, वरचे गोल सांधे आणि बुशांचे दोन निरनिराळे संच पाठविले. एक संच काळ्या रबराचा, मुळासारखा. दुसरा चिरंजीवांच्या आग्रहाने मागवलेला, लालभडक पॉलियुरेथेनचा. शर्यतीत गाड्या चालविणारे लोक हा दुसरा प्रकार पसंत करतात. तो कठीण असतो, सुकाणूचा हुकूम तत्काळ पाळतो, तेलाने कुजत नाही. तो रबरासारखा अंगात पीळ घेत नाही. नळीभोवती खरोखरच फिरतो, म्हणून त्याला खास वंगण लागते आणि बोल्ट केव्हाही कसला तरी चालतो. कागदावर सर्व गुण त्याच्याच बाजूचे. चाचांनी तो बोटांनी दाबून पाहिला आणि परत डबीत ठेवला. सडकेचा प्रत्येक खडा तो सांगाड्याला कळवील, आणि हा साठ वर्षांचा सांगाडा इतक्या बातम्या ऐकण्याच्या लायकीचा राहिला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आम्ही रबर घेतले. लाल संच मी चिरंजीवांना परत दिला. त्यांच्या मेजावर तो पाहुण्यांना फार आवडतो असे कळते.

जुने बुश काढण्याचे काम दोन दिवस चालले. गंजाने ते भोकांशी एकजीव झाले होते. गिरणीतून निवृत्त झालेल्या एका टर्नरने लेथवर त्यांच्या मापाची दोन पोलादी नळकांडी करून दिली. एक ढकलावयास, एक पलीकडून झेलावयास. मग शिगंजा आवळावयाचा आणि बुश तसूतसूने बाहेर यावयाचा. नवे घालताना साबणाचे पाणी. हात जागेवर बसवताना जुन्या पातळ चकत्या जेथल्या तेथे, तितक्याच घालाव्या लागतात. त्यांवरच चाकाचा कल ठरतो. चाचांचा शागीर्द त्या चकत्या खडूने खुणा करून फळीवर मांडी. तो मोठा हुशार मुलगा आहे, पण त्याचे मन मोटारसायकलींत आहे. चाचा बोल्ट घालीत गेले आणि प्रत्येक नट केवळ बोटांनी फिरवून सैल ठेवीत गेले. मी विचारले तर म्हणाले, "आज नाई कसाचे. उद्या बाईसाहेबाले घेऊन या."

हे सौभाग्यवतींस सांगणे थोडे अवघड होते. गॅरेजात त्या कधी गेलेल्या नव्हत्या. तथापि त्या आल्या. गाडी खड्ड्यावर आपल्या चारही चाकांवर उभी होती. चाचांनी तिला पुढून दोन-चार वेळा हलकेच दाबून सोडले, तेव्हा ती श्वास सोडल्यासारखी खाली बसली. मग त्यांनी फडक्याने दार पुसून उघडले.

"बसा बाईसाहेब. सर, तुमी तिकून."

पुढच्या बैठकांवर दोन माणसांचा भार असावा आणि मगच शेवटचा आवळ द्यावा, असा नियम आहे. तुरीची पोती ठेवूनही ते काम झाले असते. पण या गाडीत जे बसतात त्यांच्याच भाराने ती कसावी, असे चाचांचे मत पडले. आम्ही दोघे त्या न चालणाऱ्या गाडीत समोर पाहत बसलो. समोर ट्रकचे जुने टायर रचलेले होते. पायांखालून पान्याचा आवाज येत होता आणि चाचा मधून मधून "हालू नका" म्हणत होते. कोणी विद्यार्थी त्या वाटेने गेला असता तर त्याला काय वाटले असते, हा विचार मला शिवून गेला. काही वेळाने सौभाग्यवतींनी विचारले, "हे असे किती वेळ?" मी म्हटले, "आठ बोल्ट आहेत." त्या म्हणाल्या, "मग सावकाश होऊ द्या." आणि पर्समधून विणकाम काढावे तशा सहजपणे त्यांनी भाजीची यादी काढून वाचावयास घेतली.

या गोष्टीला आता चार महिने झाले. पितळी ठोकळ्यांत तेल घालावयाची तारीख स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर गॅसच्या सिलिंडरशेजारी लिहिलेली आहे, आणि ती मी लिहिलेली नाही. गेल्या महिन्यात पाऊस उघडल्यावर आम्ही चिखलदऱ्यास गेलो. भीमाने कीचकाला जेथून लोटला असे सांगतात तो दरा धुक्याने भरला होता, त्यामुळे पाहावयाचे असे थोडेच होते. परत उतरताना ते वळण आले. मी जरा हळू झालो. गाडीने सांगितली ती वाट धरली आणि पुढच्या वळणाकडे तोंड केले. शेजारून काही आवाज आला नाही, म्हणून मी पाहिले. सौभाग्यवती मोसंबी सोलत होत्या, आणि साल खिडकीबाहेर टाकावी की पिशवीत ठेवावी, या विचारात दिसल्या. धामणगाव गढी येईपर्यंत अंधार पडू लागला.

"अहो," त्या म्हणाल्या, "दिवे लावा की."